एक जॉब लिहितो, दुसरा वाचतो: मेनफ्रेमवरच्या बॅच पाइपविषयी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मेनफ्रेमवरची (मोठ्या संस्थांच्या मुख्य संगणकावरची) रात्रीची बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या जॉबची (कामांची) साखळी, सकाळी शाखा उघडेपर्यंत आटोपत नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय सीपीयूवर जातो. खरा वेळ बऱ्याचदा वाट पाहण्यात गेलेला असतो. पहिला जॉब अख्खी फाइल डिस्कवर किंवा टेपवर लिहितो, बंद करतो, आणि मगच दुसरा ती पहिल्या रेकॉर्डपासून वाचायला घेतो. समजा दोघांना 40-40 मिनिटं लागतात, तर झाली 80 मिनिटं.

आयबीएमच्या बॅचपाइप्स या सॉफ्टवेअरमध्ये मधली फाइलच राहत नाही. एक जॉब मेमरीतल्या पाइपमध्ये रेकॉर्ड टाकतो, दुसरा त्याच वेळी ते उचलतो. दोन्ही जॉब बरोबरीने चालल्यामुळे वरचं काम 40 मिनिटांच्या आसपास येऊ शकतं. प्रोग्राम सहसा बदलावा लागत नाही; जेसीएलमधल्या (जॉब कसा चालवायचा हे सांगणाऱ्या सूचनांमधल्या) डीडी ओळीत, म्हणजे फाइल नेमून देणाऱ्या ओळीत, बॅचपाइप्सच्या सबसिस्टिमचं नाव द्यायचं, आणि रेकॉर्डचा प्रकार व लांबी दोन्हीकडे जुळवायची.

दोन जॉब दोन वेगळ्या सिस्टिमवर असले तरी चालतं. मात्र त्या सिस्टिम एकाच पॅरलल सिसप्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या मेनफ्रेम सिस्टिमच्या एकाच गटात, हव्यात. अशा वेळी डेटा कपलिंग फॅसिलिटीतून, म्हणजे त्या गटाच्या सामायिक मेमरीतून, जातो. तिथली जागा आधी मोजून राखून ठेवा. दोन्ही जॉब एकाच सिस्टिमवर मावत असतील, तर केवळ हौस म्हणून ते वेगळे करू नका.

आता अडचणींकडे. पाइप फक्त क्रमाने लिहिण्या-वाचण्यासाठी आहे. व्हीएसएएममधून (मेनफ्रेमवरच्या एका प्रकारच्या फाइलमधून) मधलाच रेकॉर्ड उचलणाऱ्या प्रोग्रामला त्याचा उपयोग नाही. पुढे सॉर्ट असेल तर फायदा अर्धवट मिळतो, कारण शेवटचा रेकॉर्ड आत आल्याशिवाय सॉर्ट पहिला बाहेर सोडूच शकत नाही.

शेड्युलरमधली ‘अ संपला की ब’ ही अट काढून ‘दोन्ही एकदम’ करावी लागते, आणि दोघांसाठी इनिशिएटर (जॉब चालवण्याच्या जागा) मोकळे हवेत. एकच मोकळा असेल तर लिहिणारा जॉब जोडीदाराची वाट पाहत अडतो आणि जोडीदार रांगेतच राहतो. पूर्वी वेगवेगळ्या वेळी चालणारे हे जॉब डीबी2 या डेटाबेसच्या एकाच टेबलला हात लावत असतील, तर लॉकची भांडणंही (एकाने अडवलेल्या डेटासाठी दुसऱ्याने थांबणं) सुरू होतात. हे चाचणीत दिसत नाही, महिनाअखेरीला दिसतं.

सगळ्यात जास्त विचार रिस्टार्टचा, म्हणजे बंद पडलेला जॉब पुन्हा चालवण्याचा, करा. पाइपमधून गेलेला डेटा मागे उरत नाही. वाचणारा जॉब अर्ध्यात अबेंड झाला (चुकीमुळे बंद पडला), तर त्याला एकट्याला पुन्हा चालवता येत नाही, लिहिणाऱ्यालाही पहिल्यापासून चालवावं लागतं. म्हणून लिहिणारा जॉब डेटाबेस अपडेट करत असेल, तर आम्ही पाइप सुचवतच नाही. डेटा ऑडिटसाठी हवा असेल, तर पाइपमधून जाता जाता त्याची प्रत डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरच्या फाइलमध्ये) उतरवता येते. मात्र तेवढं लिखाण परत आलंच. रात्रपाळीच्या ऑपरेटरला नवीन रिस्टार्ट सूचना लेखी द्या, फोनवर सांगून भागत नाही.

तुमच्याकडे कोणत्या जोड्या जमतील हे आम्ही एसएमएफच्या (सिस्टिम स्वतः ठेवत असलेल्या कामकाजाच्या नोंदींच्या) टाइप 14, 15 आणि 30 नोंदींवरून काढून देतो: कोणत्या जॉबने कोणती फाइल लिहिली, कोणी लगेच वाचली, आणि त्यानंतर ती कोणालाच लागली नाही. या नोंदी आणि संबंधित जेसीएल पाठवा. महिनाअखेरची रात्र त्यात असू द्या.