आकडा म्हणजे नॉब नव्हे: ऑटो एसी आणि साधा एसी

मे महिन्यात तापलेल्या गाडीत बसून माझ्या मेव्हण्याने ऑटो एसीचा आकडा २४ वरून १८ वर आणला. "लवकर गार होईल." कसाऱ्याला मागे बसलेल्या आईने शाल मागितली, तसा त्याने २७ केला. मग उकडायला लागलं, पुन्हा १८. नाशिकपर्यंत हाच खेळ. 'ऑटो'चं बटण तेवढं एकदाही दाबलं नाही.

साधा एसी सगळ्यांना ठाऊक आहे: निळा-लाल नॉब, पंख्याचे चार टप्पे. हवा गार करणारे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल दोन्हींत असतात. ऑटोला स्क्रीन मिळते, ती दिसायला भारी असते, पुढे चला.

घोळ होतो तो आकड्याचा. साध्या एसीचा नॉब फक्त एक झडप हलवतो. कॉइलवरून आलेल्या गार हवेपैकी किती हीटरवरून फिरवायची, एवढंच ती झडप ठरवते. केबिनमध्ये किती अंश आहेत याची त्या नॉबला गंधवार्ता नसते. कॉम्प्रेसर मधेच बंद होतो तोही गाडी गार झाली म्हणून नाही. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिथला तापमान मोजणारा थर्मिस्टर शून्याच्या जरा वरच त्याला थांबवतो. खोली गार झाली की थांबायचं, हा घरच्या एसीचा हिशेब इथे लागू होत नाही.

ऑटोत तुम्ही फक्त मुक्काम सांगता. केबिन ४५ अंशांवर असेल, तर २४ लावा नाहीतर १८, झडप पूर्ण गारच्या बाजूला आणि ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, जोरात. सुरुवातीला दोन्ही वेळी हवा सारखीच गार येते. पुढे २४ वाला वेळेत आवरतं घेतो, १८ वाला गारठवतच राहतो. आकड्यांच्याही खालचा 'लो' तेवढा अपवाद: तिथे मोजमाप सोडून सगळं पूर्ण गारवर. १९६४ च्या अमेरिकन कॅडिलॅक गाडीत 'कम्फर्ट कंट्रोल' आलं तेव्हाही बेत हाच होता, माणसाने आकडा सांगावा आणि बाकीचं यंत्राने बघावं.

यंत्र बघतं ते सेन्सरांतून. डॅशबोर्डवरच्या छोट्या जाळीमागे केबिनचा सेन्सर. बऱ्याच गाड्यांत एक इवलासा पंखा त्याच्यावर हवा ओढतो, म्हणून ती जाळी धुळीने बुजू देऊ नका. पुढच्या बंपरमागे बाहेरच्या हवेचा. आणि पुढच्या काचेखाली काळा घुमटासारखा ठिपका, तो ऊन मोजतो. माझा आवडता हाच. हवा तितकीच गार असली तरी हातावर ऊन पडलं की माणसाला उकडतं. हवेच्या सेन्सरला ते कळत नाही, या ठिपक्याला कळतं आणि ब्लोअर वाढतो. नेमकं त्याच्यावरच लोक रुमाल, पार्किंगची पावती, नाहीतर गणपती ठेवतात आणि "ऑटो मोड भंगार आहे" म्हणून मोकळे होतात. बाप्पाला दोन इंच सरकवलं तर तो रागावणार नाही.

परतताना मी मेव्हण्याचा रुमाल ठिपक्यावरून उचलला, २४ लावून 'ऑटो' दाबलं. घोटीच्या आसपास ब्लोअर आपसूक मंदावला. मेव्हण्याने लगेच जाळीपुढे हात धरला.

"दाजी, एसी बंद पडला की काय?"