उकिडवं बसून बघा

गेल्या पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरनं माझा उजवा पाय मुरगळला. घरी येईस्तोवर घोटा टम्म फुगलेला. शेजारच्या काकू गरम तेल घेऊन आल्या, "चांगला चोळू या, शीर मोकळी हुतीया." मी हात जोडले. आत रक्त साकळत असताना चोळलं तर सूज आणखी वाढते.

घोट्याचं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली उतरलेलं असतं, म्हणून पाऊल सहसा आतच वळतं. ताण येतो बाहेरच्या तीन लिगामेंट्सवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट बंधांवर, आणि त्यांतलं पुढचं सगळ्यांत आधी फाटतं. हाड मोडलंय का, हे ताडायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली साधे नियम दिले: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर तिथलीही हाडं दाबून बघतात. मला लंगडत का होईना, चार पावलं जमली. हाडं दाबल्यावरही दुखलं नाही.

मग बर्फ. विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच, हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडलं. पुढं त्यांनीच बर्फाबद्दलचं मत बदललं. ठणका कमी करायला बर्फ चालतो, पण जखम भरायला दाह लागतोच. आता भर लवकर हालचालीवर असतो: सोसेल तेवढं पाऊल वरखाली करायचं, सोसेल तेवढा भार द्यायचा.

खरी गंमत सूज उतरल्यावर. लिगामेंटमध्ये पाऊल कुठं, कसं टेकलंय ते मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात. ते दुखावले की घोटा अंधारात चाचपडल्यासारखा वागतो, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. पेठेतली फुटबॉल खेळणारी पोरं इथंच फसतात. दुखायचं थांबलं की पट्टी बांधून थेट मैदानात. व्यायाम फुकटचा आहे: दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. पहिल्या दिवशी मी तीन सेकंदांत बेसिन धरलं.

दुसरी चाचणी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेच. टाच न उचलता उकिडवं बसा. घोटा आखडलेला असला तर टाच उचलते. भिंतीला गुडघा टेकवूनही मोजता येतं. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागेल इतकं पाऊल मागं घ्यायचं. माझ्या डाव्या अंगठ्यापासून भिंत पाच बोटं, उजव्यापासून साडेतीन. अजून दीड बोट बाकी आहे.