दीर्घकालीन फुप्फुसविकारातील रक्तगत दाहसूचक

सीओपीडीसारख्या (श्वासमार्गातून हवेची ये-जा कायमची अडवणाऱ्या) दीर्घकालीन फुप्फुसविकारात शरीरात चाललेल्या दाहाचा माग रक्तातील ज्या घटकांवरून काढता येतो, त्यांना दाहसूचक म्हणतात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी), फायब्रिनोजेन, इंटरल्यूकिन-६, पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) हे त्यांतले मुख्य. यांपैकी एकानेही सीओपीडीचे निदान होत नाही; त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासतपासणीच लागते. सूचक कामाला येतात ते निदान झाल्यानंतर.

धुराने किंवा जंतूंनी डिवचलेल्या श्वासमार्गातील पेशी सायटोकाइन, म्हणजे दाहाचा संदेश पोहोचवणारी प्रथिने सोडतात. त्यांतले इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे यकृतात पोहोचले की यकृत सीआरपी आणि फायब्रिनोजेन जास्त प्रमाणात तयार करू लागते. म्हणजे अहवालातला सीआरपीचा आकडा मुळात यकृताच्या प्रतिसादाचा असतो, आणि हे विसरल्यामुळेच त्याचे अर्थ चुकतात. लठ्ठपणा, धूम्रपान, हृदयविकार, हिरड्यांचा आजार यांनीही तो वाढतो. फुप्फुसातला दाह ओसंडून रक्तात उतरतो, ही कल्पना बराच काळ मांडली गेली. पण कफातील आणि रक्तातील सूचकांचा मेळ अनेकदा बसत नाही.

सीआरपीचा शोध फुप्फुसाच्याच आजारातून लागला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ बहुशर्करेशी संयोग पावणारा पदार्थ आढळला. रक्तात त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असते. त्यामुळे संसर्ग झाला की पातळी झपाट्याने चढते आणि तो आटोक्यात आला की तशीच उतरते. आजार अचानक बळावतो तेव्हा हा चढउतार उपयोगी पडतो. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या दवाखान्यांत झालेल्या ‘पेस’ चाचणीत (२०१९) बोटाच्या टोकातून रक्त घेऊन सीआरपी तिथल्या तिथे मोजले गेले. दर लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर प्रतिजैविकाचा फायदा होण्याची शक्यता कमी, ४० पेक्षा जास्त असेल तर फायदा संभवतो, अधेमधे असेल तर कफ पूसारखा आहे का ते पाहायचे, असा दंडक होता. प्रतिजैविक घेणाऱ्यांचे प्रमाण ७७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आले आणि रुग्णांच्या प्रकृतीला अपाय झाल्याचे दिसले नाही.

आजार स्थिर असताना मात्र एका वेळच्या सीआरपीवर भिस्त ठेवू नये. फायब्रिनोजेन त्या मानाने स्थिर राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये सीओपीडीच्या औषधचाचण्यांत जास्त जोखमीचे रुग्ण निवडण्यासाठी त्याला मान्यता दिली. त्यासाठी दर डेसिलिटरला ३५० मिलिग्रॅम ही सीमा सुचवलेली आहे. ‘इक्लिप्स’ या मोठ्या पाहणीत सहा सूचक एकत्र पाहिले, तेव्हा सुमारे ३० टक्के रुग्णांच्या रक्तात दाहाची खूण नव्हती, तर १६ टक्क्यांत ती वर्षभरानंतरही टिकून होती. दोन्ही गटांतला फुप्फुसांचा बिघाड सारखाच होता. पण तीन वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात २ टक्के, तर दुसऱ्यात १३ टक्के निघाले.

उपचार प्रत्यक्ष बदलू शकणारा सूचक म्हणजे इओसिनोफिल, आणि त्यासाठी रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीपलीकडे काही लागत नाही. वारंवार आजार बळावणाऱ्या रुग्णात मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक इओसिनोफिल असतील, तर श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा लाभ संभवतो. १०० च्या खाली असतील तर लाभाची शक्यता कमी आणि न्यूमोनियाचा धोका जास्त. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही संख्या खाली जाते, आतड्यात जंत असतील तर वाढते. म्हणून तपासणी रुग्ण स्थिर असताना आणि शक्यतो एकाहून अधिक वेळा करावी.

सूचक वाढला म्हणून दाह दाबणारे कोणतेही औषध लागू पडते, असे मात्र नाही. टीएनएफ हे दाहकारक सायटोकाइन रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाने सीओपीडीत गुण आला नाही. सीआरपी उतरवणाऱ्या स्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या औषधांकडूनही आशा होती. पण २०१४ च्या ‘स्टॅटकोप’ चाचणीत सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनने आजार बळावण्याचे प्रमाण घटले नाही.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे फुप्फुसाचे रक्षण करणारे प्रथिनही दाहात वाढते. त्यामुळे त्याची आनुवंशिक कमतरता सौम्य असेल, तर आजार बळावलेला असताना केलेल्या तपासणीत ती झाकली जाऊ शकते. अशा वेळी दाह आहे का ते कळावे म्हणून सीआरपीही सोबत मोजावे.