पत्र्यामागे लपलेली जुनी बिल्डिंग आणि जुना चेहरा लावलेली नवी बिल्डिंग, फरक कसा ओळखायचा

ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये ८०६ मेन स्ट्रीटला जेडब्ल्यू मॅरियट हॉटेल आहे. न्यूयॉर्कमध्ये एट्थ अव्हेन्यूवर हर्स्ट टॉवर आहे. दोन्हीकडे रस्त्यावरून जुनं बांधकाम दिसतं, दोन्हीचे फोटो लोक टाकतात आणि खाली लिहितात की बघा, जुनी बिल्डिंग किती छान जपलीये. ह्यूस्टनबद्दल मला ते पूर्ण पटतं. न्यूयॉर्कबद्दल नाही पटत, कारण तिथे बाहेरच्या भिंती राहिल्यात आणि आतली बिल्डिंग गेलीये. बरेच लोक हे दोन्ही प्रकार एकाच खात्यात टाकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावं सांगते. जुन्या बिल्डिंगवर नंतर कधीतरी पत्रा, पॅनल, संगमरवर किंवा काच चढवून ती नवी दाखवली, तर त्या आवरणाला अमेरिकेत स्लिपकव्हर म्हणतात. आणि जुन्या बिल्डिंगची फक्त दर्शनी भिंत ठेवून मागचं सगळं पाडून नवीन बांधलं, तर तो फसाडिझम. एकात जुनं आत आणि नवं बाहेर, दुसऱ्यात बरोबर उलटं. गोंधळ होतो तो यामुळे की स्लिपकव्हर काढून रिस्टोर केलेली बिल्डिंग आणि फसाडिझमवाली बिल्डिंग या दोन्ही समोरून अगदी सारख्याच दिसू शकतात, फरक सगळा दारातून आत गेल्यावर कळतो.

आता चांगल्या विटांच्या, टेराकोटाच्या म्हणजे भाजलेल्या मातीच्या नक्षीदार तुकड्यांच्या बिल्डिंगा झाकायची बुद्धी लोकांना झाली कशी, तर त्याला कारणं होती. मंदीच्या काळात १९३४ च्या नॅशनल हाउसिंग अ‍ॅक्टखाली जुन्या वास्तू सुधारायला कर्जाची हमी मिळायला लागली, तेव्हा दुकानांच्या खालच्या मजल्यावर व्हिट्रोलाइट नावाची रंगीत काच बसवायची लाट आली. खरा घाव बसला तो महायुद्धानंतर. लोक उपनगरात राहायला गेले, १९५६ ला मिनेसोटात साउथडेल हा पहिला बंदिस्त, एसी मॉल उघडला, आणि डाउनटाउनच्या दुकानदारांना वाटलं की आपण जुनाट दिसतो म्हणून गिऱ्हाईक तिकडे जातंय. त्यात अ‍ॅल्युमिनियम सहज मिळत होतं. मग काय, अख्ख्या मेन स्ट्रीटवर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांसकट पत्रे चढले. आपल्याकडे पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा मुंबईत फोर्टला एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे) आणि मोठमोठ्या बोर्डांच्या मागे लाकडी गॅलऱ्या, कमानी दडलेल्या दिसतात, त्यामागची भीती मला तीच वाटते, जुनं दिसलो तर मागे पडू.

पत्रा बसवायची पद्धत समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. भिंतीवर आधी अँगलचा सांगाडा बसवायचा, त्यासाठी विटांत नाहीतर टेराकोटात भोकं पाडून बोल्ट ठोकायचे आणि मग त्या सांगाड्यावर पॅनल. पण जुनी भिंत सपाट नसते, कॉर्निस म्हणजे वरच्या कडेची नक्षीदार पट्टी पुढे आलेली असते, खिडक्यांवर कंगोरे असतात, ते मध्ये आले की हातोड्याने फोडून सपाट करायचे. ज्या कॉन्ट्रॅक्टरने सांगाडा जरा पुढे घेतला त्याच्या बिल्डिंगवरचं नक्षीकाम वाचलं आणि ज्याने भिंतीला चिकटून घेतला त्याच्या बिल्डिंगवरचं गेलं. नशिबाचाच भाग आहे हा. मागे जी पोकळी राहते तिच्यात कबुतरं घरटी करतात, ओल कोंडते, लोखंडाला गंज चढतो, पण त्याच वेळी ऊन आणि धूरही भिंतीपर्यंत कमी पोचतात, म्हणून कधीकधी पॅनल काढल्यावर इतकं स्वच्छ काम निघतं की विश्वास बसत नाही.

ह्यूस्टनची ती बिल्डिंग म्हणजे सॅम्युएल कार्टर यांनी १९१० मध्ये उभी केलेली कार्टर बिल्डिंग, सँग्विनेट अँड स्टाट्स या आर्किटेक्ट फर्मची, तेव्हा १६ मजल्यांची. इतकं उंच बांधणं हा वेडेपणा आहे म्हणून लोकांनी तिला कार्टरचं खूळ असं नाव ठेवलं होतं. १९२० च्या दशकात वर आणखी ६ मजले चढले. आणि १९६९ मध्ये ती अख्खी संगमरवर आणि काचेत गुंडाळली गेली. त्यानंतर चाळीसेक वर्षं तिच्यासमोरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना आत १९१० ची बिल्डिंग उभी आहे हे माहीत असेल? मग ते आवरण उतरवलं, भिंती दुरुस्त केल्या आणि २०१४ ला तिथे हॉटेल सुरू झालं. आपले मराठी लोक ह्यूस्टनमध्ये बरेच आहेत, डाउनटाउनला गेलात तर समोरच्या फुटपाथवरून मान वर करून एकदा बघाच.

असं काम करताना पॅनल सरसकट ओरबाडून काढत नाहीत. आधी दोनचार जागी उघडून बघतात की मागे काय शिल्लक आहे. मग परांची बांधून टेराकोटाचा एकेक तुकडा लाकडी हातोडीने वाजवून बघतात, चांगला असेल तर खणखणीत आवाज येतो, आतून तडकला असेल तर बद्द येतो, आणि प्रत्येकाची नोंद नकाशावर करतात. बोल्टची भोकं बुजवायची, गंजलेले अँगल बदलायचे, विटांच्या दरजा भरायच्या त्याही चुन्याच्या मऊ मालाने, कारण कडक सिमेंट भरलं तर जुनी मऊ वीटच फुटते. वाळूचा मारा करून साफ करणं तर अजिबात नको, त्याने टेराकोटाचं ग्लेझ म्हणजे वरचा चकचकीत थर जातो आणि एकदा तो गेला की पाणी आत शिरायला मोकळं. जे तुकडे फोडले गेलेत ते शिल्लक तुकड्याचा साचा घेऊन नव्याने भाजून घेतात, आणि माती वाळताना, भाजताना आकसते म्हणून साचा मुद्दाम थोडा मोठा करावा लागतो. हे सगळं हळू आणि महाग काम आहे, पण हॉटेलला त्यातून जे मिळतं ते नव्या बांधकामात कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र पॅनलच्या मागे नेहमीच काही असतं असं नाही हेही सांगायला हवं. डॅलसची प्रिटोरियन बिल्डिंग १९०९ ची, त्या भागातला पहिला स्कायस्क्रेपर म्हणून नावाजलेली. १९६० च्या आसपास तिच्यावर पिवळी-करडी पॅनल बसली, पण तिथे नुसतं झाकलं नाही, जुनी बाहेरची कातडीच सोलून काढली. त्यामुळे उघडून बघण्यासारखं आत काही राहिलंच नाही, आणि २०१३ मध्ये ती पाडली गेली. आज त्या जागेवर डोळ्याचं एक अवाढव्य शिल्प उभं आहे. कार्टर आणि प्रिटोरियन, दोन्ही साठच्या दशकाच्या आगेमागे बदललेल्या, बाहेरून दोन्ही तितक्याच निर्जीव दिसायच्या, पण एकीच्या आत जीव होता.

आता फसाडिझम. हर्स्टचा खालचा ६ मजल्यांचा भाग १९२८ चा, जोसेफ अर्बन यांनी डिझाइन केलेला, वर टॉवर चढवायचं तेव्हाच ठरलं होतं पण मंदी आली आणि राहून गेलं. २००६ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांचा ४६ मजली टॉवर त्यातून वर आला. म्हणजे टॉवर येणं हे मूळ कल्पनेला सोडून नव्हतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आतले जुने मजले सगळे काढले, आज आत गेलात तर प्रचंड उंच लॉबी आहे आणि जुन्या भिंती तिच्याभोवती नुसत्या उभ्या आहेत. सॉल्ट लेक सिटीत झेडसीएमआय नावाच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरचा ओतीव लोखंडाचा दर्शनी भाग तर सुटा करून १९७० च्या दशकात नव्या बिल्डिंगला लावला आणि तीही पाडल्यावर परत काढून २०१२ च्या सिटी क्रीक सेंटरला लावला. लोखंडी काम अप्रतिम आहे, वाचलं ते बरंच झालं, काहीच न राहण्यापेक्षा नक्कीच चांगलं. फक्त त्याला दुकान जपलं असं म्हणू नये, दुकानाचा मुखवटा जपला म्हणावं.

या दोन्हीच्या मध्ये डेट्रॉइटची डेव्हिड व्हिटनी बिल्डिंग ठेवून बघा. १९१५ ची, १९ मजली. १९५९ मध्ये आधुनिक करायच्या नावाखाली तिच्या बाहेरचं नक्षीकाम तासून काढलं, चेहरा पार सपाट केला. पण आतलं मधलं दालन, पांढऱ्या टेराकोटाचं, वर काचेचं छत असलेलं, ते राहिलं. २०१४ मध्ये तिथे हॉटेल आणि अपार्टमेंट सुरू झाली आणि लोक आत शिरल्याशिरल्या वर बघत थांबायला लागले. माझ्या लेखी हर्स्टपेक्षा व्हिटनी कितीतरी जास्त जपली गेलीये, चेहरा बिघडूनसुद्धा.

रस्त्यावर उभं राहून ओळखायचं कसं? स्लिपकव्हरचा संशय असेल तर समोरून बघूच नका, बाजूच्या गल्लीत जा. मागच्या भिंतीवर पत्रा लावायला सहसा कोणी पैसे घालवत नाही, तिथे विटा, जुन्या खिडक्या, पुसट झालेली रंगवलेली जाहिरात दिसते. वरच्या मजल्यावर जायला मिळालं तर खिडकी उघडून बघा, बाहेर पॅनलची पाठ दिसेल. फसाडिझम असेल तर उलट, खिडक्यांकडे नीट बघायचं, नव्या मजल्यांचे स्लॅब जुन्या खिडक्यांच्या मधूनच गेलेले असतात, किंवा खिडकीमागे खोलीच नसते. कोपऱ्यावरून वळलात की जुनी भिंत एकदोन फुटांत संपते आणि काच सुरू होते. काम चालू असेल तर ओळखायला काहीच त्रास नाही, एकटी भिंत लोखंडी टेकूंवर उभी असते.

पैशाच्या बाबतीत तर हा फरक फारच महत्त्वाचा. अमेरिकेत ऐतिहासिक बिल्डिंग व्यवसायासाठी नीट रिस्टोर केली तर खर्चाच्या २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट म्हणजे केंद्राच्या करात थेट सूट मिळते, आणि काम नियमात बसतं का हे नॅशनल पार्क सर्व्हिस हे सरकारी खातं बघतं. आतलं सगळं पाडून फक्त चेहरा ठेवला तर ते सर्टिफिकेट मिळत नाही. पत्र्याआडच्या बिल्डिंगला मिळू शकतं, पण मागे मूळचं पुरेसं शिल्लक आहे हे दाखवावं लागतं, म्हणून ते आधी उघडून बघणं आलं. डाउनटाउनची कितीतरी बंद पडलेली जुनी हॉटेलं परत उभी राहिली त्यात या क्रेडिटचा वाटा मोठा आहे.

एक पेच मात्र आता नवाच उभा राहिलाय. नॅशनल रजिस्टर म्हणजे ऐतिहासिक वास्तूंची सरकारी यादी, तिच्यासाठी साधारण ५० वर्षांची अट असते, आणि साठच्या दशकातली पॅनल ती अट केव्हाच ओलांडून गेली. नंतरच्या बदलांनाही स्वतःचं महत्त्व आलं असेल तर ते राखावेत असं नियमच सांगतात. म्हणजे १९१० ची भिंत उघडी करायला १९६५ चं आवरण काढलं तर तेही इतिहास काढणंच झालं. मला यात सरसकट उत्तर मान्य नाही. कॅटलॉगमधून मागवलेला साधा नालीदार पत्रा असेल आणि मागे टेराकोटा धड असेल तर मी पत्रा काढायच्याच बाजूने आहे. पण एखाद्या आर्किटेक्टने त्याच जागेसाठी विचार करून केलेलं काम असेल, आणि मागचं सगळं हातोड्याने सपाट झालेलं असेल, तर ते नवं आवरणच आता त्या बिल्डिंगचा खरा चेहरा आहे, तेच दुरुस्त करावं. काढायचं ठरलंच तर आधी फोटो आणि मोजमापं घ्यावीत, आणि एकदोन पॅनल गावच्या म्युझियमकडे द्यावीत.