बोट तयार आहे, पण खाडीबाहेर न्याल का?

सॉफ्टवेअरकडून काय हवं ते लिहायच्या रिक्वायरमेंटच्या कागदात अव्हेलेबिलिटी (उपलब्धता) आणि रिलायबिलिटी (भरवसा) हे शब्द जुळ्या भावांसारखे जोडीनेच येतात. 'सिस्टिम २४ तास चालू पाहिजे' असं एकदा लिहिलं की दोन्ही आलं, असं आपण धरून चालतो.

मालवणच्या बंदरातला ट्रॉलर घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणजे ६१ दिवस तो किनाऱ्यावर शाकारलेला. उरले ३०४ दिवस, अव्हेलेबिलिटी जेमतेम ८३ टक्के. पण त्या दिवसांत इंजिनाने एकदाही दगा दिला नाही, तर रिलायबिलिटी उत्तम. दुसरी बोट बारमाही तयार, फक्त दर तासाला मिनिटभर इंजिन बंद पडतं. हिची अव्हेलेबिलिटी ९८ टक्क्यांच्या वर! पण नेमकं ते मिनिट खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटत असताना आलं तर? कुठलाही शहाणा तांडेल तिच्यात पाय ठेवणार नाही.

म्हणजे मागाल तेव्हा हजर असणं वेगळं आणि हाती घेतलेलं काम न बिघडता तडीस नेणं वेगळं. गोंधळ होतो तो सूत्रामुळे. दोन बिघाडांमधला चालू राहण्याचा सरासरी वेळ एमटीबीएफ, दुरुस्तीचा सरासरी वेळ एमटीटीआर. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागलं की अव्हेलेबिलिटी. दुरुस्ती झटपट केली की आकडा चढतो, बिघाड मात्र तेवढेच राहतात.

आमच्या काकांच्या हापूसच्या पेट्यांसाठी मी साइट केली होती. ऐन एप्रिलात त्यांचा फोन आला, "अरे, गिऱ्हायकाचे पैशे दोनदा गेले!" मी पाहिलं तर साइटवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरवर सगळं हिरवंगार. दिसणारच, तो फक्त पहिलं पान उघडतंय का एवढंच तपासत होता. नेट अडखळलं की लोक बटण पुन्हा दाबत, आणि साइट इमानाने पुन्हा पैसे कापे. इथे जादा सर्व्हर घेऊन काय होणार? प्रत्येक ऑर्डरला तिचा वेगळा क्रमांक दिला, तोच दुसऱ्यांदा आला तर पैसे कापायचे नाहीत असं केलं, तेव्हा थांबलं.

तेव्हापासून मी दोन ओळी वेगळ्या लिहितो. 'महिन्यात ९९.९ टक्के वेळ चालू' ही एक. तीस दिवसांच्या महिन्यात त्याने ४३ मिनिटांची सूट मिळते, आणि आधी सांगून केलेला बंद त्यात धरायचा की नाही हेही तिथेच नोंदवतो. 'एका ऑर्डरचे पैसे एकदाच कापले जातील' ही दुसरी. काकांनी पहिली वाचलीसुद्धा नाही.