आफ्रिकी वन्यजीव-रौप्यशिल्प

हत्ती, गेंडा, बिबट्या, मगर, खवल्या मांजर इत्यादी आफ्रिकी प्राण्यांच्या चांदीत ओतलेल्या मूर्ती, तसेच त्यांच्याच घाटाची शमादाने, मीठदाण्या, तसबिरींच्या चौकटी यांसारख्या गृहशोभेच्या वस्तू या संज्ञेत येतात. या कलेचे एक ठळक केंद्र झिंबाब्वेची राजधानी हरारे हे असून, तेथील पॅट्रिक मॅव्ह्रोस यांच्या कौटुंबिक कार्यशाळेमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परदेशांतही परिचित झाली.

उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ आफ्रिकेच्या प्राचीन धातुकामात शोधावे. आग्नेय नायजेरियातील इग्बो-उकवू येथे सापडलेल्या काशाच्या वस्तूंत शंखावर उभा असलेला बिबट्या आहे आणि तेथील काशात चांदीचा अंशही लक्षणीय आढळतो. उत्खनक थर्स्टन शॉ यांनी कार्बन-१४ या प्राचीन अवशेषांचे वय ठरविणाऱ्या पद्धतीच्या आधारे या वस्तू साधारणपणे नवव्या-दहाव्या शतकांतील मानल्या. हा काळ फार मागे नेल्याचा आक्षेप घेतला गेला असला, तरी शॉ यांचेच मत आज बहुधा ग्राह्य धरले जाते. तेथील कारागिरांनी साच्यासाठी मेणाऐवजी झाडाचा चीक वापरला असावा, असेही सुचविण्यात आले आहे. मात्र या पुराव्यावरून आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाशी थेट परंपरा जोडणे धाडसाचे ठरेल. लिंपोपो नदीजवळील मापुंगुब्वे येथील सुप्रसिद्ध सोन्याचा गेंडा (सु. तेरावे शतक) भौगोलिक दृष्ट्या हरारेला अधिक जवळचा असला, तरी तो ओतीव नाही, लाकडी गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा बारीक खिळ्यांनी ठोकून तो घडविला आहे. शिवाय या प्रदेशात सोने आणि तांबे मुबलक, तर चांदी दुर्मिळ होती. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी झांबेझी नदीकाठच्या चिकोवा परिसरात रौप्यखाणींचा मोठा शोध घेतला, पण हाती फारसे काही लागले नाही. इथिओपियातील सोनारांनाही चांदीसाठी ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा नाणी वितळवावी लागत.

म्हणून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते : घाटाच्या दृष्टीने ही शिल्पे आंत्वान-लुई बारी (१७९६–१८७५) यांच्यासारख्या फ्रेंच प्राणिशिल्पकारांच्या आणि इंग्लंडमधील मेजावरच्या चांदीच्या भांड्यांच्या परंपरेला जवळची आहेत. त्यांचा अस्सलपणा मुख्यतः प्रत्यक्ष प्राणी पाहिलेल्या शिल्पकाराच्या निरीक्षणात आहे.

ओतकाम मेणसाच्याने होते. मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मूर्तीसाठी वर्णिलेला विधी तत्त्वतः हाच. मूळ नमुन्यावरून रबरी साचा घेऊन त्यात मेणाची प्रतिकृती पाडतात. तिला मेणाच्याच नळ्या जोडून भोवती उष्णतारोधक लेप ओततात, भट्टीत मेण वितळून निघून गेले की त्या पोकळीत चांदीचा रस सोडतात आणि शेवटी साचा फोडतात. धातू बहुधा ९२.५ टक्के चांदी व उरलेले प्रामुख्याने तांबे असा असतो, कारण शुद्ध चांदी फार मऊ पडते. तांब्यामुळे मात्र तापवताना पृष्ठभागाखाली काळपट डाग धरतात आणि ते घासून काढावे लागतात. चांदी जड असल्याने १०० घन सेंमी.ची भरीव मूर्ती एक किलोग्रॅमहून थोडी अधिक भरते. त्यामुळे मोठे प्राणी पोकळ ओततात, कान, सुळे व शेपटी वेगळी करून झाळतात आणि सांधा कानशीने मारून त्यावरून कातडीच्या सुरकुत्या छिन्नीने पुन्हा कोरतात. हत्तीच्या गुडघ्यावरच्या सुरकुत्या सांध्यापाशी तुटल्या, तर काम हलके समजावे. अखेरीस गंधकयुक्त द्रावणाने मूर्ती काळी करून उंचवटे तेवढे उजळतात. खवल्या मांजराचे एकावर एक चढलेले खवले सुटे दिसतात ते या काळ्या रेषांमुळेच.

हस्तिदंताशी या कलेचा संबंध महत्त्वाचा आहे. मॅव्ह्रोस यांनी सुरुवात हस्तिदंतावरील कोरीवकामाने केली व नंतर ते चांदीकडे वळले. १९८९ मध्ये साइटीज या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारान्वये आफ्रिकी हत्ती पहिल्या परिशिष्टात (व्यापारबंदी असलेल्या जातींच्या यादीत) गेल्यावर हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. झिंबाब्वेतील हत्ती १९९७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात (नियंत्रित व्यापाराच्या यादीत) आणले गेले, तरी व्यापारावरील कडक बंधने राहिली. ज्या प्राण्याचे रूप घडवायचे, त्याच्याच दाताची गरज चांदीने संपविली, हे या माध्यमांतराचे मोठे श्रेय होय. खवल्या मांजराच्या सर्व जाती २०१६ च्या निर्णयाने पहिल्या परिशिष्टात आल्या.