डिझाइन टीममधली काळजी: ही भानगड सुरू कुठून झाली?

हल्ली पुण्याच्या बाणेर-हिंजवडीतल्या कुठल्याही डिझाइन टीममध्ये जा, केअर, चेक-इन (एकमेकांची विचारपूस), सायकॉलॉजिकल सेफ्टी (न घाबरता बोलता येणं) हे शब्द कानावर पडतातच, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ वाढदिवसाचा केक आणि शुक्रवारचा पिझ्झा एवढाच असतो. मागचा इतिहास पाहिला की केक कुठे कमी पडतो ते कळतं.

आधी पॅरिस. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एकोल दे बोझार्त या कलाशाळेत मुदत संपली की मुलांची ड्रॉइंग्ज गोळा करायला हातगाडी फिरायची, आणि काही मुलं म्हणे गाडीबरोबर चालतानासुद्धा रेघा मारत राहायची. मग ज्युरी, म्हणजे परीक्षकांचं मंडळ, त्या कामाचा निकाल लावायची. जगभरच्या आर्किटेक्चर आणि डिझाइन कॉलेजांनी या दोन्ही गोष्टी उचलल्या, शेवटच्या क्षणापर्यंत घासणं आणि ज्युरी. आपल्याकडे अजून सबमिशनच्या आदल्या दिवशी 'नाईट मारली' हे कौतुकानेच सांगतात, आणि ज्युरीत सरांनी सगळ्यांसमोर कसं धुतलं याचे किस्से तर पदक मिळाल्यासारखे. 2002 साली अमेरिकेतल्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या संघटनेने स्टुडिओ कल्चरवर एक अहवाल काढला, त्यात जागरणाच्या आणि ज्युरीच्या याच पद्धतीवर उघड प्रश्न विचारले. म्हणजे तक्रार आजची नाही, आणि मुख्य म्हणजे ती ऑफिसातून नाही, कॉलेजातून आली.

पुण्यात एलिफंट डिझाइनसारखे स्टुडिओ 1989 पासून आहेत, सिम्बायोसिसचं डिझाइन कॉलेज 2004 चं, एमआयटीचं 2006 चं, म्हणजे आज इथे टीमचे लीड झालेली बरीच मंडळी ज्युरीतूनच तयार झालीयेत, आणि डिझाइन रिव्ह्यूमध्ये तीच पट्टी ज्युनिअरला लावतात, वाईट हेतूने नाही, दुसरी पाहिलेलीच नसते म्हणून.

गंमत अशी की डिझाइनवाल्यांना एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं, नवीन नाही. 1986 मध्ये डॉन नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या पुस्तकातून यूझर-सेंटर्ड (वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवणारं) हा शब्द रुळला, पुढे डिझाइन थिंकिंग या पायरी-पायरीने प्रश्न सोडवायच्या पद्धतीने एम्पथी ही पहिलीच पायरी केली. पण ती सगळी यूझरसाठी! शेजारच्या खुर्चीवरच्याने काल किती वाजता लॅपटॉप बंद केला हे कुठल्याच पायरीत नव्हतं.

टीमच्या आतली गोष्ट आली ती थेट हॉस्पिटलमधून. नव्वदच्या दशकात हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन हॉस्पिटलांत औषधं देण्यातल्या चुका अभ्यासत होत्या, अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, आणि आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त. कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते, बोलून दाखवत होते. मग 1999 मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या 51 टीम्सवरचा त्यांचा पेपर आला आणि सायकॉलॉजिकल सेफ्टी हा शब्द चर्चेत आला, गूगलने 2012 पासून 180 टीम्स तपासून त्यालाच दुजोरा दिला तेव्हा तो हिंजवडीच्या पीपीटीपर्यंत पोचला. वाटेत अर्धा अर्थ गळला. एडमंडसन यांचा मुद्दा गोड बोलण्याचा नव्हताच, ज्युनिअरने 'हा फ्लो (स्क्रीनचा क्रम) चुकतोय' म्हटलं तर त्याला त्याची किंमत मोजावी लागते का, हा होता.

दमण्याचा धागा वेगळा. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाने पार थकून जाण्यावर, लिहिलं ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांबद्दल, आणि 2019 मध्ये डब्ल्यूएचओने आयसीडी-11 या आजारांच्या यादीत त्याला कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, आजार नाही. म्हणजे योगाचं सेशन माणसासाठी ठेवायचं आणि रात्री साडेनऊचा अमेरिकेचा रिव्ह्यू कॉल तसाच, हे गणित मुळातच चुकतं.

कायद्याचं पाहिलं तर 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं. पण कोथरूड-एरंडवण्यातल्या पंधरा-वीस जणांच्या स्टुडिओला पाळणाघराचा नियम लागूच होत नाही, आणि रजेचा पगार बहुतेक वेळा द्यायचा मालकाने स्वतःच्या खिशातून. तिथे रजेवरच्या मुलीचा प्रोजेक्ट कोणाकडे जाणार आणि ती परतल्यावर तिला परत मिळणार का, हे अजून मालक-मालकीणबाईंच्या मनावरच चालतं.